सीडीच्या डब्या टाकून नुसत्या तबकड्या ठेवल्या तर? (जॅझवाल्यांनो, सल्ला द्या)

पितळी_भोंगा (धागाकर्ता)

मंडळी,

दिवाळीनंतर आम्ही दोघं डोंबिवलीचा गाशा गुंडाळून देवरुखला राहायला जातोय. वाडवडिलांचं कौलारू घर आहे, दुरुस्ती झाली आहे. परवा सामानाची यादी करताना आमच्या हिने टेप घेऊन माझं सीड्यांचं कपाट मोजलं. 640 सीड्या, एक डबी 10.4 मिलिमीटर जाड, म्हणजे ओळीने उभ्या केल्या तर साडेसहा मीटरच्या वर. टेप गुंडाळत म्हणाली, "तुम्ही ऐकता ते गोल असतं ना? मग चौकोनाचं भाडं टेम्पोवाल्याला का द्यायचं?"

प्रश्न बिनतोड आहे. नुसती तबकडी साधारण 15 ग्रॅम भरते आणि डबी-पुस्तिकेसकट तेच वजन शंभराच्या आसपास जातं. प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांत तबकडी आणि कागद भरले तर सगळा संसार चार बुटांच्या खोक्यांत मावेल.

म्हणून रविवारी कपाट उघडून बसलो आणि तिथेच अडकलो. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'च्या माझ्याकडे तीन प्रती निघाल्या (हिला दोनच माहीत होत्या). एक एमसीए कंपनीच्या काळातली, साध्या ज्वेल केसमधली (नेहमीची प्लास्टिकची पारदर्शक डबी). दुसरी 1995 ची, जीआरपीने काढलेली, पुठ्ठ्याच्या डिजिपॅकमधली. तिसरी जपानी, कागदी पाकिटातली, म्हणजे जुन्या एलपीचं पाकीट धुवून आटवल्यासारखी. गाणी तीच, माणसं तीच, 9 डिसेंबर 1964 ची तीच रात्र. पण मूळ एलपी पुस्तकासारखी उघडायची. आत कोल्ट्रेनने श्रोत्यांना लिहिलेलं पत्र, त्याची प्रार्थनेसारखी कविता, आणि व्हिक्टर केलिनने काढलेलं त्याचं चित्र. हे 'उघडणं' ज्वेल केसमध्ये होत नाही. डिजिपॅकमध्ये होतं, शिवाय इम्पल्स या मूळ कंपनीचा तो नारिंगी-काळा कणा कपाटात लांबून ओळखू येतो. पण माझ्या डिजिपॅकच्या मधल्या गड्ड्याचे दाते तुटलेत, उचललं की तबकडी आत खुळखुळते. जपानी प्रत हुबेहूब आहे, इतकी हुबेहूब की पत्र वाचायला घड्याळजीचं भिंग लागतं. 31 सेंटिमीटरचं पाकीट साडेतेरा सेंटिमीटरवर आणलं की अक्षरांची मुंगी होणारच.

तर काय ठेवू, काय टाकू? आणि डब्या टाकल्या तर नंतर कपाळाला हात लावायची वेळ येईल का?

अळूवडी

चौकोनाचं भाडं! काकूंना साष्टांग दंडवत. वाचनखूण साठवली.

ओबीवाला

काका, दोन दिवस कशालाही हात लावू नका. विशेषतः जपानी प्रतींना.

जपानी सीडीवर डाव्या अंगाला जो कागदी पट्टा असतो तो ओबी. किमोनोवर कमरेला बांधतात त्या पट्ट्याचं नाव. लोक तो प्लास्टिकच्या वेष्टनाबरोबर फाडून टाकतात आणि पुढे तीच प्रत विकायला निघाले की निम्मा भाव बघून हळहळतात. पण भाव सोडा, ओबी हा त्या सीडीचा जन्मदाखला आहे.

तिथे सीडीची किंमत कंपनी ठरवू शकते आणि दुकानदाराला ती पाळावी लागते, म्हणून किंमत छापलेली असते. आता गंमत बघा. 1 एप्रिल 1989 ला जपानमध्ये 3 टक्के उपभोग कर लागू झाला, एप्रिल 1997 मध्ये तो 5 टक्के झाला, एप्रिल 2014 मध्ये 8 आणि ऑक्टोबर 2019 पासून 10. मूळ 2,500 येनांची सीडी असेल आणि ओबीवर करासहित 2,575 लिहिलं असेल, तर ती 1989 ते 1997 मधली. 2,625 असेल तर 1997 ते 2014 मधली. कराचा उल्लेखच नसेल आणि क्रमांक जुन्या पद्धतीचा असेल तर तुमच्या हातात ऐंशीच्या दशकातली प्रत आहे. सीबीएस-सोनीच्या सुरुवातीच्या सीड्यांवर 35डीपी, 32डीपी असे क्रमांक आहेत. 35 म्हणजे 3,500 येन, 32 म्हणजे 3,200. तोशिबा-ईएमआयचं सीपी35, सीपी32 तसंच. क्रमांकातच किंमत! सीडी हा प्रकार ऑक्टोबर 1982 मध्ये जपानमध्येच पहिल्यांदा दुकानात आला, त्या काळात 3,500 येन म्हणजे चैन होती.

कागदी पाकिटांचं वेगळंच प्रकरण. माझ्याकडे कोल्ट्रेनचीच 'ब्लू ट्रेन' तशी आहे. पाकिटाच्या मागे तळाला ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीचा न्यूयॉर्कचा 47 वेस्ट 63 वा रस्ता हा पत्ता आहे. ब्लू नोट त्या पत्त्यावरून कधीच हललं, मालक बदलले, तोशिबा-ईएमआय 2007 मध्ये ईएमआय म्युझिक जपान झालं, 2012 मध्ये सगळं युनिव्हर्सलकडे गेलं. पत्ता मात्र 1957 चाच. हे मला भारी वाटतं.

नऊवारी_बेबॉप

ओबीवाले, तुम्ही कर भरता की गाणी ऐकता? :-)

गंभीरपणे सांगते. वेष्टन बघून आवाजाचा अंदाज बांधू नका. माझ्याकडे 'काइंड ऑफ ब्लू'च्या दोन प्रती आहेत, दोन्ही ज्वेल केस, दोन्हींवर माइल्स डेव्हिसचा तोच निळ्या अंधारातला फोटो. दुकानात शेजारी ठेवल्या तर कुणीही म्हणेल एकच आहेत. एकीचा क्रमांक सीके 40579, दुसरीचा सीके 64935. पहिलीतली पहिली तीन गाणी ('सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर', 'ब्लू इन ग्रीन') किंचित चढ्या सुरात वाजतात, कारण 2 मार्च 1959 च्या त्या बैठकीत मुख्य टेप मशीन जरा हळू फिरत होतं. हळू टेप केलं की वाजवताना सूर चढतो. तीस-बत्तीस वर्षं जगाने तशीच ऐकली. 1992 च्या सोनेरी सीडीत ते दुरुस्त झालं आणि 1997 च्या 64935 पासून साध्या प्रतींतही.

मी हे पेटी घेऊन तपासलं. 64935 बरोबर पेटी सरळ जुळते. 40579 लावली की पहिल्या तीन गाण्यांत सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतो, बोट कुठे ठेवायचं कळत नाही. चौथ्या गाण्याला मुकाट्याने पट्टीवर येतो. आमच्या गुरुजींनी हे ऐकून एवढंच विचारलं, "मग त्यांनी तानपुरा का नाही लावला?"

सांगायचा मुद्दा, तो क्रमांक मागच्या कागदावर आणि कण्यावर असतो. तो कागद टाकलात तर तबकडीवर बारीक अक्षरात शोधत बसावं लागेल. असतो तिथेही, पण माझ्या वयाला नाही दिसत.

खारेदाणे

डिजिपॅक हा जगातला सगळ्यात ढोंगी प्रकार आहे. दिसायला ग्रंथ, टिकायला पोह्याचा पापड. पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा ट्रे डिंकाने चिकटवलेला. दाता तुटला की संपलं, ट्रे बदलता येत नाही, ओढून काढलात तर छापील पुठ्ठ्याचं सालपट निघतं. कोपरे दबतात, कडा पांढऱ्या पडतात.

याउलट ज्वेल केस. तिला सगळे नावं ठेवतात, बिजागरीचे कान तुटतात हेही खरं. पण तुटली तर स्वस्तात दुसरी आणा, कागद आत सरकवा, सीडी पुन्हा कोरी. माझ्या मते आपल्या हवेत, आणि देवरुखच्या पावसात तर शंभर टक्के, ज्वेल केसइतकी शहाणी वस्तू नाही. माझं आजोळ राजापूर. तिथे 4 महिने ठेवलेल्या डिजिपॅकांना बुरशीचा असा मुलामा चढला होता की आजीने विचारलं, हे दही कशात विरजलंयस.

गोल_गरगर

सगळं रिप करून (म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून) हार्ड डिस्कवर टाका आणि मोकळे व्हा. 2 टीबीत मावेल.

खारेदाणे

@गोल_गरगर, आणि ती डिस्क उडाली की पुन्हा कशावरून रिप करायचं? आलेच ना फिरून 640 वर.

शाईवाला_कोल्हापूर

छापखान्यात हयात गेली, म्हणून थोडं सामानाबद्दल लिहितो. डब्या टाकायच्याच असतील तर निदान पिशव्या नीट निवडा.

स्वस्तातल्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पिशव्या घेऊ नका. त्यातलं मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि तबकडीवर धुरकट थर बसतो. जपानी कागदी पाकिटांतल्या जुन्या आतल्या पिशव्यांनीही हे केलेलं पाहिलंय. पुसला तर बहुतेक वेळा निघतो, पण तो उद्योग 640 वेळा कोण करणार? पॉलिप्रॉपिलिनची, चुरचुर आवाज करणारी पिशवी घ्या.

कागदी लिफाफेही जपून. 1988 ते 1993 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यातून निघालेल्या बऱ्याच सीड्या कडेपासून तांबूस होत गेल्या. वरचं लाख गंधकापुढे टिकत नव्हतं, आणि गंधक आलं कुठून, तर पुस्तिकेच्या आणि पाकिटाच्या कागदातून! म्हणजे वेष्टनानेच माल खाल्ला. तबकडीच्या आतल्या रिंगणात 'मेड इन यूके' आणि पीडीओ दिसलं तर आधी ती उजेडात धरून रंग बघा.

आणि ऐंशीच्या दशकातल्या दोन सीड्यांच्या जाड डब्या असतील तर आज रात्रीच उघडा. त्यांत तबकडी हलू नये म्हणून फोमची चकती असायची. आता त्या फोमचा गूळ झालेला असतो. माझ्या एका डबीत तो सीडीच्या छापील बाजूला असा चिकटला होता की ओढताना छपाई आणि खालची चांदीही आली. त्या जागी आता खिडकीसारखं आरपार दिसतं.

पुस्तिकांचं म्हणाल तर आर्ट पेपर दमटला की पानं एकमेकांना चिकटतात. वरच्या खडूच्या लेपातलं चिकट द्रव्य पाणी पितं आणि डिंक होतं. एकदा चिकटलेलं पान सोडवायला जाऊ नका, फाटेलच. म्हणून पिशवीत कोंबून दाबून ठेवण्यापेक्षा डबीत सैल राहिलेली पुस्तिका बरी.

न्यूजर्सीची_नमा

इकडच्या जुन्या दुकानांत हिंडून थोडी भर घालते.

अमेरिकेत सुरुवातीला सीडी ज्वेल केसमध्ये असायची खरी, पण ती केस बारा इंच उंच, सहा इंच रुंद पुठ्ठ्याच्या खोक्यात विकायचे. लाँगबॉक्स. कारण दुकानांतले खण एलपीच्या मापाचे, त्यात अशी दोन खोकी शेजारी-शेजारी बरोब्बर बसत, आणि एवढं मोठं खोकं खिशात घालून पळताही येत नसे. कागदाची नासाडी म्हणून बोंब झाली आणि 1993 मध्ये ते बंद पडलं. लोक दुकानातून बाहेर पडताच फाडून टाकायचे. त्यामुळे आता धड लाँगबॉक्स मिळाला की लोक चौकट करून लावतात. माझ्याकडे थेलोनियस मंकचा एक आहे, नवऱ्याने त्यात चपात्यांचा फॉइल रोल ठेवला होता.

दुसरं, काका, तुमच्या डब्यांच्या कण्यावर करवतीने मारल्यासारखी खाच किंवा बारकोडवर भोक आहे का बघा. ती मोडतोड नाही. न खपलेला माल कंपनीने परत न घेण्याच्या बोलीवर स्वस्तात काढला की तशी खूण करत. संग्राहक नाक मुरडतात. मी मुद्दाम घेते, अर्ध्या भावात पूर्ण गाणी.

तिसरं, मागच्या कागदावर बारकोडच्या जागी बीएमजी डायरेक्ट असं काही छापलेलं असेल तर ती टपालाने सीड्या पाठवणाऱ्या क्लबची प्रत. आणि तबकडीच्या आतल्या रिंगणात आयएफपीआय ही अक्षरं दिसली तर ती 1994 च्या आधी दाबलेली असू शकत नाही, कारखाना ओळखायचे ते कोड तेव्हाच सुरू झाले. डबीत 1986 चे कागद आणि तबकडीवर आयएफपीआय असेल तर एक तर नंतरची आवृत्ती आहे, नाही तर कुणीतरी कागद-तबकडीचं लग्न लावलंय. उलट 'मेड इन वेस्ट जर्मनी' असेल तर बहुधा ऑक्टोबर 1990 च्या आधीची म्हणून जपा.

ओबीवाला

नमाताई, +१. कागद-तबकडीचं लग्न हा शब्द उचलला.

भांडुपचा_भूप

तुम्ही पुठ्ठ्याला रडताय. माझ्याकडे पियानोवाल्या बिल एव्हन्सचा व्हर्व्ह कंपनीवरचा संपूर्ण संच आहे, 1997 चा, 18 सीड्या. त्याचा डबा पोलादाचा, रंग-वार्निश काही नाही. का? तर तो काळानुसार गंजावा म्हणून! कलाकल्पना आहे ती. प्रत्येक प्रतीचा गंज वेगळा, म्हणजे प्रत्येकाची प्रत एकमेव.

ज्याने हे ठरवलं त्याने भांडुपचा श्रावण पाहिला नसावा. तिकडे वर्षानुवर्षं हळुवार तांबूस झाक चढत असेल, इथे एका पावसाळ्यात डबा समुद्रातून काढल्यासारखा झाला. आई त्याला 'तो नळाचा जोड' म्हणते. कपाटाच्या पांढऱ्या सनमायकावर चौकोनी डाग पडलाय तो कशाने जातो, कुणाला माहीत आहे का?

अळूवडी

लिंबू-मीठ. पण सनमायकावर जपून.

नऊवारी_बेबॉप

पोलादावरून आठवलं, माइल्सच्या कोलंबिया कंपनीने काढलेल्या मोठ्या संचांना धातूचा कणा आहे. दिसतो देखणा, पण शेजारच्या डब्यांना ओरबाडतो. आणि सॅक्सोफोनवाल्या अल्बर्ट आयलरचा 2004 चा 'होली घोस्ट' संच, त्यात कोरीव पेटीसारखा काळा डबा आणि आत दाबून सुकवलेलं फूल! पैठणीच्या घडीत चाफा ठेवावा तसं. असल्या वस्तू नेताना काकू काय म्हणतील?

अवांतर: ईसीएम या कंपनीच्या सीड्यांना ज्वेल केसवरून घालायचं पुठ्ठ्याचं म्यान असतं, ते विसरू नका. झाकिर हुसेनची 'मेकिंग म्युझिक' (1987, हरिप्रसादजी, मॅकलॉफ्लिन, गारबारेक) माझ्याकडे आहे, म्यान नाही. दर वेळी कुणाकडे म्यानासह दिसली की जीव जळतो. बघा, वर उपदेश केला मी, आणि आहे ही माझी अवस्था.

पितळी_भोंगा

सगळ्यांचे आभार. काल रात्री फोमवाली डबी उघडली. शाईवाले, तुमचं भाकीत खरं. एलिंग्टनची दोन सीड्यांची. पहिली वाचली, दुसरीवर अठन्नीएवढा काळा चिकट डाग. सुपारीच्या चुन्यासारखा बोटाला लागतो. ओढली नाही, तशीच ठेवली.

नमाताई, खाचा सापडल्या. 11 डब्यांवर. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या एकीवरही नाही, खाचवाल्या सगळ्या मुलाने परदेशातून आणलेल्या. इतकी वर्षं मी समजत होतो की कस्टमवाले तपासायला कापतात.

भारतात छापलेल्या माझ्या काही प्रतींचं एक निरीक्षण. पुस्तिकेच्या जागी एकच घडी, पुढे चित्र, मागे गाण्यांची नावं, वाजवणाऱ्यांची नावं गायब. ड्रमवर कोण हे कळायला दुसऱ्याच्या प्रतीत बघावं लागायचं. त्या डब्या मी बिनदिक्कत टाकू शकतो. पण बघा, त्या घडीवर माझ्याच अक्षरात पेन्सिलने नावं लिहिलेली आहेत. 'बास – पॉल चेंबर्स'. ऐंशी-नव्वदचं माझं अक्षर आताच्यापेक्षा बरं होतं.

तर तह असा झालाय. साध्या डब्या जशाच्या तशा येणार, कारण खारेदाणे म्हणतात ते हिला पटलं (राजापूरच्या दह्याचा किस्सा वाचून दाखवला). त्या पातेल्यांमध्ये भरायच्या, पातेल्यांचं भाडं देतोच आहोत. कागदी पाकिटं पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत, वर सिलिका जेलच्या पुड्या, स्टीलच्या पिठाच्या डब्यात. अट एकच, एका गाण्याची एकच प्रत.

मग 'अ लव्ह सुप्रीम' हिच्यासमोर ठेवल्या आणि म्हटलं, पत्र वाच. जपानी पाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, ठेवून दिलं. मग खुळखुळणारा डिजिपॅक उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली. मध्येच थांबून म्हणाली, हे तर आपल्याकडच्या अभंगासारखं आहे, सारखं एकच म्हणतोय. डिजिपॅक राहिला. तबकडी वेगळ्या पिशवीत, दाते नसले तरी चालेल.

खारेदाणे

डिजिपॅक???

ओबीवाला

काका, मग ती जपानी प्रत कुणाला देताय? ओबी आहे ना?

पितळी_भोंगा

आहे. पण घडीवर फाटून दोन तुकडे झालेत. किंमतवाला तुकडा सापडत नाहीये.